मागच्या खोलीची हवा

३ मे

आलो एकदाचे रायपुरात. दुपारी ट्रक लागला आणि संध्याकाळी गॅस पेटून चहासुद्धा झाला, म्हणजे घर लागलं असंच म्हणायचं. यशदीपची बदली झाली तेव्हा मी चांगलं आठवडाभर तोंड फुगवलं होतं, पण घर बघून ते आपोआप खाली बसलं. दोन ऐसपैस खोल्या, स्वयंपाकघर, पुढे अंगण आणि अंगणात जांभळाचं झाड. रेल्वेचं क्वार्टर मिळेपर्यंत इथेच राहायचं, भनपुरीच्या बाजूला.

ही वही साक्षीसाठी आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी बजावलंय, की पोरीला धाप कधी लागते, त्या दिवशी हवा कशी होती, घरात काय झाडलं-पुसलं, ते लिहीत जा. साक्षी सात वर्षांची आणि तिचा दमा तिच्याहून थोडाच लहान. मी लिहायला बसले की थांबत नाही, हे डॉक्टरांना कुणी सांगितलं नसावं. तर आजची नोंद: धाप नाही. अंगणभर पळाली, जांभळं कच्ची म्हणून रुसली, वरणभात खाऊन झोपली.

भिंतीवर आधी बाबासाहेबांची तसबीर लागली, मग बुद्धाची, मग यशदीपचं घड्याळ. फरशी दोनदा पुसली तरी तळपाय काळे ते काळेच. इथे कारखान्यांची काजळी अशीच येते म्हणे. काजळीला अजून अपर्णा ठाऊक नाही. बघू कोण आधी थकतं ते.

५ मे

घरमालक येऊन गेले. देवीदासजी. मूळचे वर्ध्याकडचे, तरुणपणी इथल्या प्लांटात लागले आणि इथलेच झाले. आता नवा रायपूरला मुलाकडे असतात. दारातूनच जय भीम घातला, साक्षीला पेढा दिला, चहा बशीत ओतून प्यायले. माणूस मला आवडला. फक्त मागच्या खोलीचा विषय निघाला तसा चेहरा पडला.

पूर्वी मागे नुसती पडवी होती, ती भिंत घालून त्यांनी बंद केली आणि तिची खोली झाली. तिचं दार परसातून आहे, त्याला कुलूप. आमच्या निजायच्या खोलीची एक खिडकी पूर्वी त्या पडवीत उघडायची. आता तिच्या दोन्ही फळ्यांना आमच्या बाजूने खिळे ठोकलेत. “त्या खोलीले हात नोका लावू, अपर्णाबाई. जुनं सामान हाय,” एवढंच म्हणाले. मला तरी कुठे दुसऱ्याचं जुनं सामान आवरायची हौस आहे.

शेजारची निधी ओळख करून घ्यायला आली. तिच्या सासरी मराठी बोलतात, तिला सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतच देते. तिने जाताना चपलेतला पाय पुन्हा उंबऱ्यात टाकला, तर तिथे काळा ठसा. ती वळायच्या आत मी फडकं आणलं. यशदीप म्हणतो मी माणसं येण्याआधी त्यांचे पाय पुसून ठेवेन.

साक्षी: संध्याकाळी थोडी शिट्टी वाजली छातीत. पंप दिला. बरी.

८ मे

आज आंधी आली. दुपारी आभाळ विटकरी झालं, मग काळं. नागपुरात आंध्या कमी पाहिल्या नाहीत, पण त्या साध्या मातीच्या. हिने अख्ख्या भनपुरीतली राख उचलून आणली होती. कूलर खिडकीबाहेर घोडीवर होता आणि चालूच होता. मी धावत जाऊन बटण दाबेपर्यंत त्याने ओंजळी-ओंजळीने ती राख आत ओतली. गादीवर, कणकेच्या डब्यात, मिठात, साक्षीच्या कानात. जीभ दातांवर फिरवली की करकर.

साक्षीला मोठी धाप लागली. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती आणि ओठ जांभळे दिसायला लागले. पंप दिला, वाफेचं मशीन लावलं, तरी उतार पडेना. यशदीप कामावरून येईस्तोवर मी तिला मांडीवर उभी धरून बसले होते. इथल्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा कुठे ती पाणी मागण्याइतकं बोलली. डॉक्टर म्हणाले औषध आहेच, पण घरातली हवा साफ ठेवा, हिची छाती असे झटके फार सोसणार नाही.

मला भीती वाटली आज. लिहून ठेवते.

९ मे

हवा साफ ठेवा म्हणाले, तर ठेवते. कोरडा झाडू घराबाहेर, सगळं ओल्या फडक्याने. पडदे भिजवले, उशा उकलल्या, पंख्याची पाती साबणाने धुतली, खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या, दाराखाली ओलं पोतं. यशदीप म्हणाला, “तू आता भिंतीलेबी आंघोळ घालशीन.” घातलीच, हात पुरेल तिथवर.

अडलं ते कूलरपाशी. खिडक्या बंद करून मे महिन्यात इथे राहायचं म्हणजे भाजून निघायचं. कूलर बाहेर ठेवला तर पुन्हा राख ओढणार. आणि बंद खोलीत ठेवला तर गारवा नाहीच, नुसता दमटपणा, कपडे चिकटतात, हे विदर्भातलं शेंबडं पोरही सांगेल. कूलरच्या पाठीला मोकळी हवा लागते. मी कमरेवर हात ठेवून उभी होते आणि नजर गेली त्या खिळे मारलेल्या खिडकीवर.

तिच्यामागे अख्खी खोली बंद पडलेली. आंधी तिच्यात शिरलीच नसणार. सगळ्या भनपुरीत न मळलेली हवा असेल तर तिथेच. यशदीपची पकड घेऊन खिळे उपटले, फळ्या उघडल्या, गजांपलीकडे मिट्ट काळोख. कूलरची पाठ गजांना लावली आणि फटीत गोणपाट कोंबलं. यशदीप देवीदासजींचं नाव काढून कुरकुरला. मी म्हटलं, मी खोलीला हात कुठे लावतेय, नुसती हवा तर घेतेय. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश होते की जेवताना त्याला दोनदा ऐकवलं.

१० मे

साक्षी रात्रभर न खोकता झोपली. कूलरच्या तोंडासमोर, तोंड उघडं टाकून. माझ्या जिवात जीव आला.

हवेला थोडा वास आहे. बरेच दिवस न धुतलेल्या अभ्र्याचा येतो तसा. कूलरच्या गवती ताट्यांमध्ये वाळा खोचला, टाकीत कापूर टाकला.

१२ मे

धाप नाही. काल नाही, परवा नाही. छातीत शिट्टीसुद्धा नाही. पंप नुसता पडून आहे. हे आधी लिहिते, कारण पुढचं लिहायला किळस येतेय.

धूळ येतेच आहे. पण ही काळी नाही. पांढुरकी आहे, मऊ आणि तेलकट. पुसलं की फडक्याला चिकटते, पिळलं की बादलीतलं पाणी पेजेसारखं दाट होतं. हाताला साबण लावला तरी बोटांमध्ये काहीतरी बुळबुळीत राहतं. बाबासाहेबांची तसबीर सकाळी पुसली, दुपारी पुन्हा धुरकट.

कूलरचं पाणी कमी पडायला लागलं म्हणून पाहिलं, तर टाकीत दुधावर धरते तशी साय. करड्या रंगाची. बोटाने उचलली तर अख्खी वर आली, न तुटता, आणि ती कोमट होती. गार पाण्यावरची साय कोमट. मी परसात जाऊन ओकले. मग मोटारीच्या जाळीत अडकलेले केस काढले. लांब आणि पिकलेले. माझे काळे आहेत आणि साक्षीचा बॉयकट.

यशदीप म्हणतो जुन्या खोलीत असेल गोधडी, उंदीर, काहीबाही. पोरगी बरी आहे ना, मग राहू दे. खरंय त्याचं. पोरगी बरी आहे.

१४ मे

ती धूळ आज वरणात. आज माझ्या पोळीवर. झाकण ठेवलं तर झाकणाच्या आतून.

साक्षीच्या ओठांवर धुळीचा थर बसतो, आणि ती तो जिभेने चाटते. पुसायला गेले तर तोंड फिरवते. सकाळी म्हणाली, “आई, मले श्वास घ्यावाच नाही लागत आता. आपोआप येऊन राहिला.” मी हसले तेव्हा.

दुपारी उजेडात थोडी धूळ तळहातावर घेऊन पाहिली. माती नाही. पापुद्रे आहेत, कोंड्यासारखे. एका पापुद्र्यावर बोटाच्या ठशाच्या रेषा होत्या.

मी हात घासला, घासला, रक्त येईपर्यंत.

निधीला बोलावून आणलं. ती दारातच थांबली, कूलरकडे बघून म्हणाली, “दीदी, वो खिड़की आपने खोली?” मग तिने सांगितलं. देवीदासजींच्या पत्नी कांताबाई कुठल्याशा कारखान्याच्या आवारात झाडायच्या, वर्षानुवर्षं, तोंडाला पदर लावून. छाती भरली. शेवटी मागच्या खोलीत खाटेवरच असत, ऑक्सिजनच्या मशीनवर, आणि अंगाची कातडी सुटून अंथरुणात पडायची. गेल्या उन्हाळ्यात लाइट गेली, बराच वेळ आली नाही, मशीन बंद, आणि त्या गेल्या. लोक माणूस गेलं की घर धुवून काढतात. देवीदासजींनी अंथरूणसुद्धा उचललं नाही. खोलीला कुलूप घातलं आणि खिडकीला खिळे मारले.

मी पोरीला ती बाई खाऊ घालत होते. इतके दिवस.

१५ मे

सकाळीच कूलर बंद केला. काढणार होते, खिडकीला खिळे मारणार होते, घर फिनेलने धुणार होते.

साक्षी खेळत होती. पंखा थांबला आणि तिची छाती थांबली. खोकली नाही, धडपडली नाही. माझ्याकडे बघत राहिली, हातात बाहुली तशीच. ओठ निळे. मी हलवलं, पाठीत मारलं, तोंडात फुंकलं. काही नाही.

कूलर लावला. आतून तो वास आला, ओला, केसांच्या मुळांचा. तिची छाती वर उचलली गेली.

ती म्हणाली, बंद नको करू ना आई.

मी कूलरसमोर बसले आहे. धूळ माझ्या तोंडात जातेय. पुसत नाही.

१६ मे

दवाखान्यात न्यायला निघालो. रिक्षा रस्त्याला लागेपर्यंतच तिची मान पडली. यशदीप ओरडत होता पुढे चल म्हणून, मी म्हटलं मागे फिरव, घर जवळ आहे. नुसतं ओरडले, कारण सांगायला वेळ नव्हता. घरात, कूलरसमोर आणताच श्वास आला.

यशदीपने आपल्या डोळ्यांनी पाहिलं. आता टाकीत पाणी तोच भरतो. डॉक्टर घरी आले, छाती तपासली, म्हणाले एकदम मोकळी आहे, काळजी कसली करता. कूलरकडे बघून नाकाला रुमाल लावला आणि गेले.

त्यानंतर साक्षी खोकली. एकदाच. तळहातावर करडा गोळा पडला, केस गुंतलेला. तिने तो परत तोंडात घातला.

मी बघत होते. मला थांबवता आलं नाही.

१७ मे

देवीदासजींना बोलावलं. त्यांनी खिडकीतला कूलर पाहिला आणि खाली फरशीवरच बसले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

परसातून कुलूप काढलं. कूलर चालूच होता. आत पाऊल टाकलं आणि ते घोट्यापर्यंत मऊ कशात तरी रुतलं. भिंतींवर, छतावर, सगळीकडे तीच साय. खाटेवर तिचा ढीग, माणूस निजल्यावर दिसतो तसा. तो वर येत होता, खाली जात होता. मी फटीतलं गोणपाट सारून खिडकीतून साक्षीकडे पाहिलं. तिची छाती आणि तो ढीग एकाच वेळी.

मी विचारलं, झाडलं का नाही हो कधी. ते खाटेशी बसले, त्या ढिगावरून हात फिरवला, हाताला चिकटलेलं पुसलंसुद्धा नाही. “तिचा सारा जन्म झाडण्यात गेला बाई. मंग तिले मी काहून झाडू?” मग पुन्हा हात फिरवत, “अर्धा श्वास रायला होता तिचा. लाइट गेली तवा. मले वाटे, बंद ठेवलं तर रायते.”

जाताना म्हणाले, आता तो पोरीत चालून राहिला, बंद नोका करू.

माझ्या हातात फिनेलची बाटली होती. ती मी खाली ठेवली. ही घाण मी झाडून काढली, की साक्षी संपली. ही घाण आहे, तोवर साक्षी आहे. इतकं साधं आहे ते.

१८ मे

आंघोळ केली नाही. उपयोग नाही.

लाइट एकदा गेली, लगेच आली. तेवढ्यात ती निळी पडली. यशदीप म्हणतो इन्व्हर्टर आणतो, मोठा, दोन बॅटऱ्यांचा. उद्याच.

पोळी खाल्ली. वरचा थर काढला नाही. मला तो गोडसर लागला आणि मी — नाही. हे लिहायचं नाही.

१९ मे

यशदीप इन्व्हर्टर आणायला गेला. त्याच्या मागोमाग आंधी. आभाळ विटकरी. मी कूलरच्या बटणावर हात ठेवून उभी —

गेली लाइट.

छाती थांबली. फुंकलं. माझा श्वास तिच्यात जात नाही, गालांतून परत येतो. निधीचं दार वाजवलं, आंधीत कुणी ऐकत नाही. फोन लागत नाही.

कूलर ओढून पाडला. गजांना तोंड लावलं. ओढला आतून, पोट आत जाईपर्यंत. ते सगळं आलं — कोमट, केस, जिभेवर बसलं, टाळूला चिकटलं. ओकारी आली ती दाबली. गिळायचं नाही, धरायचं. धावत येऊन साक्षीच्या तोंडावर तोंड ठेवलं आणि सोडलं.

छाती वर आली. माझी पोरगी. ओठ गुलाबी झाले.

एक दिला की ती थोडा वेळ राहते. तेवढ्यात लिहिते. यशदीप, तुझ्यासाठी लिहितेय. तू येशील तेव्हा मला बोलता येणार नाही, तोंड भरलेलं असेल.

दुसरा दिला.

दातांत केस. गाल आतून चिकटतात, बोटाने सोडवावे लागतात. किळस संपेल असं वाटलं होतं. संपत नाही. दर वेळी पहिल्यासारखीच —

दिला.

लाइट नाही अजून. यशदीप, आता ओढावं लागत नाही. गजांपलीकडून खाटेवरचं तेही तोंड पुढे करतं. मऊ आहे. दात नाहीत. माझ्या ओठांवर ओठ टेकवतं आणि देतं. मी डोळे मिटत नाही, मिटले तर आवडेल अशी भीती वाटते.

दिला. बसून हसली. पाणी मागितलं.

माझा स्वतःचा श्वास मी कधी घेतला आठवत नाही. घ्यायची गरज पडली नाही. छातीत जड, भरलेलं, वर-खाली. आपोआप —

इन्व्हर्टर जोडू नकोस. खिडकी बंद केलीस तरी चालेल. पुरेसं आहे माझ्यात. मला न्हाऊ घालू नकोस, पुसू नकोस, खाटेवर साक्षीच्या बाजूला निजवून ठेव आणि माझं तोंड तिच्या तोंडाशी —

तिची छाती — थांब, देऊन येते